तळी मोकळी दिसता

गणपती पोचवून झाल्यावरच्या रविवारी देवळात बैठक होती. विषय नेहमीचेच. सभामंडपाची गळती, जत्रेचा हिशोब, पालखीच्या वाटेवरचा ढासळलेला गडगा. सगळं आटपून लोक चपला शोधायला लागले तेव्हा भावजी उठले. नात्याने माझे चुलत दीर. अर्धं आयुष्य मुंबईत गेलं, आता हाताशी पैसा आहे आणि गावासाठी काही करायची मनापासून हौस आहे. आईच्या नावाने देवाच्या तळीचं सुशोभीकरण करतो म्हणाले. चिऱ्याच्या पायऱ्या दुरुस्त करायच्या, कडेने कठडा, दोन बाकडी, संध्याकाळी दिवे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी मोबाईल पुढे केला. “आणि ह्यां बघा. हंसाची जोडी. खरे हंस, बदका नाय. तळी कशी मोकळी मोकळी दिसता. ह्ये दोन सोडले काय शोभा येतली.” मोबाईल हातोहात फिरला. कुठल्याशा रिसॉर्टच्या निळ्या फरश्यांच्या टाकीत दोन पांढरेशुभ्र पक्षी, समोरासमोर माना वाकवून. बायकांच्या बाजूला मोबाईल आला तेव्हा कुणीतरी “गो बाय माझ्या!” म्हणालं. एक मानकरी म्हणाले, देवाक कौल लावया. दुसरे म्हणाले, सरस्वतीचा वाहन तां, कौल कित्याक लावचो? भावजींनी माझ्याकडे बघितलं. “वयनी, तुमी अमेरिकेत बघून इलास. सांगा ह्यांका.”

मी इतकंच म्हणाले की जत्रेनंतर ठरवूया.

घरी आले, जेवणं झाली, भांडी झाली, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. तळी मोकळी दिसता.

आमची तळी म्हणजे जेमतेम एकरभर पाणी. देवळाच्या मागच्या अंगाला, तीन बाजूंनी चिरेबंदी, चौथी बाजू मळ्याला मिळालेली. त्या बाजूला धड काठच नाही. पाणी कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं ते ऋतू ठरवतो. मिरगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की व्हाळाचं पाणी मळ्यातून तळीत येतं आणि त्या धारेच्या उलट चढणीचे मासे वर सरकायला लागतात. रात्री पोरं बॅटऱ्या घेऊन बांधावर उभी असतात. बेडकांचा गजर असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आषाढ लागेपर्यंत साळकांची पानं जवळजवळ सगळं पाणी झाकून टाकतात आणि मग त्या पानांवर कमळपक्ष्यांचा संसार मांडला जातो. लांबलचक बोटं पसरून हा पक्षी पानांवरून असा चालतो की पान बुडत नाही. मादी अंडी घालून मोकळी होते, पुढचं सगळं नराकडे. चार अंडी, तपकिरी, चकचकीत, वर काळ्या शाईच्या वेड्यावाकड्या रेघोट्या ओढल्यासारख्या खुणा. घरटं म्हणजे चार काटक्या आणि ओलं शेवाळ, पानावरच टेकवलेलं. पाऊस कोसळत असतो, पाणी हातहात चढत असतं, आणि तो त्यावर बसून असतो. पिल्लं झाली की संकटात त्यांना पंखाखाली काखोटीला मारून चालतो. तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंनी बारीक काड्यांसारखे जास्तीचे पाय लोंबताना दिसतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पक्ष्याला काही इजा झालीय असं वाटून किती वेळ श्वास रोखून उभी होते.

मळ्याच्या बाजूच्या लव्हाळ्यात टिबुकलीचं तरंगतं घरटं असतं. ती उठून जाताना अंड्यांवर ओला पाला ओढून जाते. आपल्याला दिसतो नुसता कुजका ढीग. जांभळी पाणकोंबडी कोवळे देठ पायात धरून सोलून खाते. वंचक तासन्‌तास चिखलाच्या रंगाचा होऊन बसतो आणि उडाला की एकदम पांढरा. दिवड पायरीच्या भेगेतून डोकं काढते. रात्री अडया, म्हणजे रानबदकं, शिट्ट्या घालत मळ्यावरून जातात, तेव्हा मागच्या दारी झोपलेल्याला जाग येते. आणि वास. शेवाळाचा, कुजलेल्या पानांचा, म्हशी नुकत्याच उठून गेल्यात त्या जागेचा. ज्याला हा वास आवडत नाही त्याला तळीचं काही सांगण्यात अर्थ नाही.

यातलं रस्त्यावरून मात्र काही दिसत नाही. भावजी चुकीचं काही बोलत नव्हते. गाडीतून उतरून पाहिलं तर हिरवं पाणी, बस्स. कारण इथले सगळे जीव पानाच्या, चिखलाच्या, सावलीच्या रंगाचे आहेत आणि न दिसण्यावरच त्यांचं पोट आणि पोरंबाळं अवलंबून आहेत. दिसण्यासाठी तिथे काही आणायचं म्हटलं तर ते यांच्यापेक्षा मोठं, पांढरं आणि कुणाला न भिणारंच असणार.

हंसाविषयी मनात वाईट यावं अशी आमची घडणच नाही. दसऱ्याला शाळेत पाटीपूजन असायचं. पाटीवर खडूने सरस्वती काढायची, झेंडूची पाकळी वाहायची. बाई फळ्यावर देवीच्या पायाशी हंस काढायच्या, मानेची एक रेघ न उचलता. दूध आणि पाणी वेगळं करणारा, नळाचा निरोप दमयंतीला पोचवणारा. प्रत्यक्षात आम्ही पाहिलेली असायची ती शेजारच्यांची पाळीव बदकं, गटाराच्या काठाने डुलत जाणारी. हंस हा कॅलेंडरावरच्या तळ्यातला पक्षी, मागे बर्फाचे डोंगर, पाण्यात कमळ. अशा पक्ष्याला कुणी “नको” म्हणू शकतं हे मला मेरीलँडला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला गेले होते. तो नातू आता कॉलेजात आहे. तिचं घर अ‍ॅनापोलिसच्या बाजूला, चेसापीक उपसागराजवळ. एका सुट्टीला जावयांनी आम्हाला पूल ओलांडून पलीकडे सेंट मायकल्स नावाच्या गावी नेलं. माइल्स नदीच्या काठचं गाव, धक्क्याला खेकड्यांच्या होड्या, ओल्या दोरांचा आणि मासळीचा वास. मला तर वेंगुर्ल्याच्या बंदरावर आल्यासारखं वाटलं. आणि वळणाआडून तो आला. नारिंगी चोच, चोचीच्या मुळाशी काळं टेंगूळ, पंख पाठीवर शिडासारखे उभारलेले, मान मागे ओढलेली. अगदी फळ्यावरचा. माझे हात आपोआप जोडले गेले. धक्क्यावर खेकड्यांचे पिंजरे धुणारा एक म्हातारा ते बघत होता. तो जावयांशी काहीतरी बोलला. पंख असे उभारले म्हणजे तो चिडलाय, म्हणाला. ही त्याची धमकी आहे, जागा सोडा म्हणून. इतकी वर्षं ज्या रूपाला आम्ही पाकळ्या वाहिल्या, कार्डांवर छापलं, ते त्याच्या रागाचं रूप होतं. खरं सांगते, त्यामुळे तो मला कमी सुंदर दिसला नाही. आजही दिसत नाही.

पुढचं मी लेकीने आणून दिलेल्या पुस्तिकांतून आणि नंतर वाचत वाचत जमवलं. हा म्यूट स्वान मूळचा युरोप-मध्य आशियाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या श्रीमंतांनी आपल्या बागांमधली तळी सजवायला तो नेला. चेसापीकच्या मेरीलँडकडच्या भागात १९६२ च्या वादळात पाळलेले पाच पक्षी निसटले. फक्त पाच. १९९९ च्या मोजणीत तिथे जवळजवळ ४००० झाले होते. दहा-बारा किलोचा पक्षी, पंखांचा पसारा दोन मीटरच्या वर, दिवसाला साडेतीन किलोहून जास्त पाणगवत खाऊ शकणारा. लांब मान पाण्यात घालून तो गवत मुळासकट उपटतो, खातो त्याहून जास्त वाया घालवतो. पाण्याखालचं ते गवत म्हणजे तिथल्या निळ्या खेकड्यांच्या पोरांची वाढायची जागा, माशांच्या पिल्लांचा आडोसा, हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या तिथल्या स्वतःच्या टुंड्रा हंसांचं आणि बदकांचं अन्न. स्थानिक हंस थंडीपुरते येऊन जातात, गवताला सावरायला वेळ मिळतो. हा बारा महिने तिथेच, आणि गवत वाढीला लागतं त्या उन्हाळ्यातही खातच असतो. खाडीतल्या खाजणात सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पिल्लं कशी वाढतात ते पाहिलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

मला सगळ्यात लागली ती सुरय नावाच्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची गोष्ट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टार बे नावाच्या भागात, शिंपल्यांच्या आणि वाळूच्या उघड्या पट्ट्यांवर, छोटे सुरय आणि काळे पाणचिरे घरटी करत. घरटं म्हणजे काय, वाळूत पोटाने केलेला खळगा. तिथे पिसं झडायच्या दिवसांत ६०० ते १००० हंसांचा थवा येऊन बसायला लागला. मुद्दाम मारलं कुणी कुणाला नाही. तेवढी वजनदार पावलं त्या पट्ट्यांवर फिरली, अंडी आणि पिल्लं तुडवली गेली, आणि सुरय-पाणचिऱ्यांनी ती जागा सोडली. सुरय आमच्याकडेही आहेत. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर त्यांची वीण होते. हुमायून अब्दुलालींनी १९४२ सालीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्याविषयी आणि तिथल्या गुहांमधल्या पाकोळ्यांविषयी लिहून ठेवलंय. होडीतून त्या खडकांजवळून जाताना डोक्यावर उठणारा तो करकरीत कालवा एकदा ऐकलेला असला, की “जागा सोडली” हे दोन शब्द वाचून पुढे जाता येत नाही.

मग मेरीलँडने हंस कमी करायचं ठरवलं आणि भांडण पेटलं. प्रकरण कोर्टात गेलं. २००१ मध्ये निकाल लागला की स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याचं संरक्षण या हंसालाही आहे. २००४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदाच बदलला आणि माणसांनी आणलेल्या परक्या पक्ष्यांना त्यातून वगळलं. त्यानंतर हजारो हंस मारले गेले. न्यूयॉर्क राज्याने २०१३ च्या शेवटी तिथले सुमारे २२०० हंस २०२५ पर्यंत संपवायचा आराखडा मांडला, तेव्हा लोक इतके खवळले की सरकारला तो मागे घेऊन पुन्हा लिहावा लागला. त्या लोकांना मूर्ख म्हणायला माझी जीभ वळत नाही. रोज सकाळी पाव टाकायला जातो तिथला पक्षी उद्या सरकारी माणूस गोळी घालून मारणार म्हटल्यावर कोण गप्प बसेल?

आणि गोळीपेक्षा मला ते तेल आठवतं. अंडी उचलून नेली तर हंसीण पुन्हा घालते. म्हणून अंड्यांना मक्याचं तेल फासतात. कवचाची छिद्रं बुजतात, आतला जीव गुदमरतो, अंडं तसंच राहतं. हंसीण त्यावर बसून राहते. दिवस भरून गेले तरी बसून राहते. हे करणारी माणसं क्रूर नव्हेत, सुरयांसाठी आणि खेकड्यांसाठी करतात. ते बरोबरच आहे असं माझं मत आहे. पण ती तेलाची वाटी माझ्या हातात दिली तर माझ्याने ते होणार नाही. या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहतात, आणि मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न सोडून दिलाय.

इंग्लंडात हाच पक्षी घरचा. दर जुलैत थेम्स नदीवर होड्या घालून त्याची पिल्लं मोजतात, राजाच्या नावाने. तिकडे कुणी त्याच्याबद्दल तक्रार केली तर लोक वेड्यात काढतील. पक्षी तोच, दोष त्याच्यात शोधून सापडायचा नाही. याची दुसरी बाजू आमच्या अंगणात आहे. पितृपक्षात ज्याच्यासाठी आपण पान वाढून ताटकळतो, तो आपला गावकावळा १८९० च्या दशकात झांजिबारला नेला गेला, कचरा साफ करेल म्हणून. तिथून तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पसरला. तिकडच्या लहान पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं तो खातो. २०२४ मध्ये केनियाने वर्षअखेरपर्यंत दहा लाख कावळे मारायचं जाहीर केलं, विष घालून. ती बातमी मी नेमकी पक्षपंधरवड्यात वाचली. खिडकीत कावळा होता. मोंबासातली एखादी बाई आमच्या या कावळ्याकडे कुठल्या नजरेने बघत असेल, ते मला त्या म्हाताऱ्या खेकडेवाल्यामुळे कळू शकलं.

परकं म्हणून सगळं वाईट, असं कोकणातल्या माणसाला म्हणताच येणार नाही. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला, आज त्याच्यावर आमची घरं चालतात. मिरची तिकडचीच, अननस तिकडचा. सुरू १८६८ साली कारवारला लावला गेला आणि किनारा म्हटला की आता तोच डोळ्यांसमोर येतो. पण तसंच रानमोडीने किती चराऊ जागा खाल्ली तेही आम्ही बघतो आहोत, आणि चिलापी शिरलेल्या तळ्यात जुने मासे किती उरलेत हे गळ टाकून बसणाऱ्याला विचारावं. कुठलं काय सोसवेल आणि कुठलं नाही, हे आणणाऱ्याला आणताना कळत नाही. म्हणून निदान नुसत्या शोभेसाठी तरी आणू नये, एवढं माझं म्हणणं.

भावजी मुंबईला परतायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या खळ्यात आले. मी हे सगळं, इतकं नीट नाही, पण सांगितलं. ते ऐकत होते. म्हणाले, “दोनच तर आसत, वयनी.” पाचचे चार हजार झाले हे मी त्यांना सांगितलंच होतं, पण तो मुद्दा मला रेटायचा नव्हता. हा थंड मुलखातला पक्षी. आमच्या वैशाखात तो सुखाने वाढेल आणि कर्लीच्या खाडीभर पसरेल असं मला वाटत नाही. बहुतेक उन्हाने हाल हाल होऊन मरेल, आणि तेही मला बघवणार नाही. माझी भीती त्या दोघांचीच. एक जोडी विणीच्या दिवसांत कित्येक एकर पाणी आपलं म्हणून राखते आणि आत येणाऱ्या दुसऱ्या पाखराला हाकलते. आमच्याकडे सगळं मिळून एक एकर. साळकांची पानं उपटायला दोन माना पुरेत. मग चार काटक्यांवर बसलेला तो बाप कुठे जाणार?

भावजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आवशीच्या नावान कायतरी जिता ठेवचा होता माका.” हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं की माझं सगळं वाचलेलं एकदम जड वाटायला लागलं. मी त्यांच्या आईची आठवण काढली. धुणं घेऊन तळीवर यायच्या तेव्हा पोरांना आषाढात साळकां तोडू देत नसत. काठावरून ओरडायच्या, थंय अंडी आसत रे, हात तोडीन. भावजींना आठवत होतं. त्यांनीच सांगितलं की एकदा मारही खाल्ला होता. त्या पैशांत मळ्याच्या बाजूचा गाळ उन्हाळ्यात हाताने काढून घेता येईल, मी म्हटलं. यंत्र न घालता, अर्धाच, म्हणजे कंद उरतील. विसर्जनाला एक वेगळी कुंडी बांधता येईल, म्हणजे रंग आणि प्लास्टर तळीत उतरणार नाही. दिवे मात्र नकोत, निदान पाण्याच्या तोंडावर तरी. दिव्यांचं ऐकून ते जरा खट्टू झाले. हंसांसाठी आगाऊ पैसे देऊन झालेत म्हणाले, आणि बघतो म्हणाले. जत्रेनंतर बैठकीत विषय येईल. कुणी कौल लावायचं म्हटलं तर मी विरोध करणार नाही, पण त्याआधी बोलेन.

बोलायला हाताशी कागद हवा म्हणून परवा ग्रामपंचायतीत गेले. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आमचीही कपाटात होती, वर दोन जुन्या मतदार याद्या. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परक्या प्रजातींवर बंधनं घालायचे अधिकार वन्यजीव कायद्यात आलेत, पण ते केंद्राकडे. गावाच्या हातात ही वही आहे. तिच्यात आमच्या तळीला एक ओळ होती. वापर: धुणे, गुरे, मूर्ती विसर्जन. पक्ष्यांच्या पानावर मोर, कावळा, चिमणी, बगळा, पोपट, आणि खाली सगळं कोरं.

ग्रामसेवकांनी वही घरी न्यायला दिली नाही, पण पुरवणी जोडायला हरकत नाही म्हणाले. तेव्हा रोज संध्याकाळी म्हशी पाण्यातून बाहेर काढायच्या वेळेला मी तळीवर जाते. म्हशी राखणाऱ्या काकींना माझ्या पुस्तकातली नावं माहीत नाहीत आणि त्यांची निम्मी मला कळत नाहीत, पण पुस्तकातलं चित्र दाखवलं की लगेच सांगतात. “ह्यो पानांवरसून धावता तो. ह्येची अंडी आषाढ-श्रावणात. ही पाठीर पिलां घेवन फिरता. हिका पाटग्यात बघ, हडे मिळाची नाय.” कधी कधी ठामपणे मान हलवतात, ह्यो आमचो न्हय, पूर्वी येय, आता येणा नाय. तेही मी वेगळ्या रकान्यात लिहिते. काल त्यांनी विचारलं, “लिवन काय होताला गो बाय?” मी म्हटलं, बैठकीत वाचून दाखवणार. त्या म्हणाल्या, “मगे अडयो लिवलंस? अडयो ऱ्हवल्यो मगे.” खरंच राहिल्या होत्या. त्या दिवसा नसतातच ना तिथे.